वळवाच्या आधीची वीस मिनिटं

१७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी किवळ्यात, पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत, वादळी वाऱ्यात एक अवाढव्य लोखंडी होर्डिंग कोसळलं. पावसापासून आडोसा म्हणून त्याखाली थांबलेल्या माणसांपैकी पाच जण जागीच चिरडून गेले. पुढच्या वर्षी १३ मे रोजी घाटकोपरला तसंच झालं, तिथे १७ जण गेले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी मोशीत आणखी एक होर्डिंग वाऱ्याने खाली आलं. गाड्या चेपल्या, माणसं सुदैवाने वाचली. परवाने कुणी दिले, पाया किती खोल होता, दंड कुणाला झाला यावर खूप लिहिलं गेलं. ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या, इथे रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याहून आधीचा एक प्रश्न उरतोच. वळवाचा ढग मावळाच्या किंवा मरकळच्या बाजूने चढत असतो, तेव्हा तो कुणाला ना कुणाला दिसत असतो. ज्याला दिसतो त्याने कुणाला सांगायचं, आणि ज्याला सांगायचं त्याने काय करायचं, हे या पट्ट्यात ठरलेलं आहे का?

आपल्याकडे पुराची तयारी म्हटलं की डोळ्यासमोर धरण येतं. त्यात चूक काही नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा दिवस पुणे जिल्हा विसरलेला नाही. पवना धरणातून विसर्ग वाढला की महापालिकेची गाडी भोंगा लावून काठाने फिरते. सांगवी, दापोडी, कासारवाडी, पिंपरीतलं संजय गांधी नगर इथल्या लोकांना सामान कुठे उचलून ठेवायचं हे पाठ झालेलं असतं. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरलं, आळंदीला इंद्रायणीच्या पात्रातलं भक्त पुंडलिकाचं मंदिर बुडालं, की नदी कुठवर आली हे शाळकरी पोरालाही कळतं. या पुराला काही तासांचा अवधी असतो. किती क्युसेक सोडले, ते रावेतला कधी पोचतील, याचं गणित मांडता येतं.

दुसरा पूर असा नसतो. एप्रिल-मेच्या वळवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात एकच ढग दहा-पंधरा चौरस किलोमीटरवर अर्धा-पाऊण तास कोसळतो. त्याला धरण लागत नाही, नदीही लागत नाही. एखादा ओढा, एखादी बुजवलेली चरी, एक भुयारी मार्ग एवढं पुरतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने हेच केलं. कात्रजच्या डोंगरउतारावर पाऊस पडला आणि ओढ्याकाठच्या वस्त्या, सोसायट्यांच्या भिंती, पार्किंगमधली माणसं वाहून गेली. वीसहून अधिक बळी गेले. ४ ऑक्टोबर २०१० ला शिवाजीनगरच्या वेधशाळेत सुमारे १८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातला बहुतेक दोनेक तासांतला. जून २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात हिंजवडीच्या आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, ते मुळेला पूर आला म्हणून नव्हे.

चाकण पट्ट्यात हा दुसरा पूरच जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. चाकण भामा आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलंय. इथलं पाणी पूर्वी लहान लहान ओढ्यांनी दोन्हीकडे निघून जायचं. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, भांबोली या गावांच्या शिवारात एमआयडीसी आली, माळ सपाट झाले, शेड उभ्या राहिल्या. एक हेक्टर पत्र्यावर आणि काँक्रीटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी होतं. तेवढाच पाऊस पूर्वी ज्वारीच्या रानावर पडायचा तेव्हा त्यातला बराच जमिनीत मुरायचा. आता तो तासाभरात रस्त्यावर येतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात वळवाच्या सरीनंतर तासभर उभं राहावं, म्हणजे ओढा गेला कुठे हे कुणाला विचारावं लागत नाही.

इंद्रायणीची गोष्टही अर्धी याच प्रकारची आहे. पवनेसारखं मोठं धरण तिच्या मुख्य प्रवाहावर नाही. उगमाजवळ वळवण आहे, उपनद्यांवर वडिवळे आणि आंद्रा आहेत, पण खालचं बरंचसं पाणी मुक्त पाणलोटातून थेट येतं. म्हणजे देहू-मोशी-आळंदीच्या पुराचा अंदाज नुसत्या विसर्गाच्या आकड्यावरून बांधता येत नाही. वर मावळात पाऊस किती पडतोय हे कुणीतरी मोजून सांगावं लागतं.

मग वेधशाळा काय करते? पुष्कळ करते, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण हवामान खात्याची टिंगल करण्याची आपली सवय फार जुनी आणि बरीचशी अन्यायाची आहे. १९२८ साली भारतीय हवामान विभागाचं मुख्य काम सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या जुन्या दगडी इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिनेच वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप केलं. तीन तासांपुरता तात्काळ अंदाज दिवसातून अनेकदा निघतो, मोबाइलवर संदेश येतात. चाकणपासून तीसेक किलोमीटरच्या आत हवामानशास्त्राची एवढी मातब्बर घरं आहेत.

तरीही दोन फटी राहतात. पहिली रडारची. डॉप्लर रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र वाकत जाते. मुंबईच्या रडारचा सगळ्यात खालचा, अर्ध्या अंशाचा झोत १२० किलोमीटरवर येईपर्यंत जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि वाटेत सह्याद्री उभा असतो. ढगाचा माथा दिसतो. त्याखाली मोशीच्या चौकात वारा किती जोरात सुटला, गारा पडतायत की नुसता पाऊस, कुदळवाडीत पाणी गुडघ्याला लागलं का, हे झोताला दिसत नाही. दुसरी फट प्रमाणाची. इशारा जिल्ह्याला दिला जातो आणि पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात भीमाशंकरही येतं आणि इंदापूरही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या चाकणला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच. नारिंगी इशारा आला म्हणजे नेमकं माझ्या कंपनीच्या गेटवर काय होणार, हे कुणालाच कळत नाही. चार वेळा इशारा येऊन काही झालं नाही की पाचव्या वेळी माणूस मोबाइल खिशात ठेवून देतो.

ही फट भरण्यासाठी जगात ठिकठिकाणी साधी माणसंच उभी केली गेली. अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवा १९७० च्या दशकापासून 'स्कायवार्न' नावाने स्वयंसेवक तयार करते. आज ते साडेतीन लाखांच्या वर आहेत. ट्रकचालक, शेतकरी, अग्निशमन दलाचे जवान, शाळामास्तर अशी ही मंडळी. दोन-अडीच तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, ढग कसा ओळखायचा ते शिकायचं आणि दिसलं ते कळवायचं, एवढंच. रडार असूनही ही फौज मोडीत निघाली नाही, ती रडारच्या झोताखाली काय चाललंय हे सांगत राहिली. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावाची हकीकत आपल्याला जास्त जवळची आहे. २८ जुलै १९९७ ला तिथे एका बाजूला आभाळ फाटलं, दुसऱ्या बाजूला जेमतेम सरी पडल्या. पाच जण गेले. गावातल्या गावात पाऊस एवढा वेगळा पडतो आणि मोजणी मात्र मोजक्या ठिकाणी होते, हे लक्षात आल्यावर तिथल्या विद्यापीठाने दुसऱ्याच वर्षी घरोघरी साधी पर्जन्यमापकं बसवण्याची मोहीम काढली. आता देशभर हजारो घरांतून रोज सकाळी आकडा जातो.

एवढं लांब जायचीही गरज नाही. केरळात कोट्टायम जिल्ह्यात मीनचिल नदीच्या खोऱ्यात शाळेतली मुलं आणि गावकरी पाऊस आणि नदीची पातळी मोजून एकमेकांना कळवतात. वायनाडमध्ये कलपेट्ट्याच्या ह्यूम सेंटरने दोनशेहून अधिक ठिकाणी पाऊस मोजणारं जाळं उभं केलं. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कै आणि चूरलमला दरडीखाली गेलं. त्याआधीच्या ४८ तासांत जवळच्या पुत्तुमला इथे ५७२ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद या जाळ्याकडे होती आणि ह्यूम सेंटरने ती आदल्या दिवशी प्रशासनाला कळवली होती. मोजणारा होता, कळवणाराही होता. तरी शेकडो माणसं गेली. आपल्या भागात असं काही उभं करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही घटना नीट वाचावी. निरीक्षक नेमणं सोपं आहे. त्याचा फोन आल्यावर अमुक वस्ती हलवायची, अमुक रस्ता बंद करायचा, असा अधिकार असलेला माणूस दुसऱ्या टोकाला बसलेला नसेल तर निरीक्षकाचं काम वाया जातं.

आणि महाराष्ट्रात? कोल्हापूरकरांना विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे तिथे रिक्षावाल्याला तोंडपाठ असतात. किती बंधारे पाण्याखाली गेले हे सकाळी चहाच्या गाड्यावर कळतं. हे कुठल्या योजनेने शिकवलं नाही, पूर बघत बघत लोकांनी आपलं केलं. पिंपरी-चिंचवडला अजून असा एक आकडा नाही. इथली निम्मी वस्ती गेल्या तीस वर्षांत बाहेरून आलेली. नदी तिला पुलावरून दिसते, ओढा तर दिसतच नाही.

माणसांची उणीव मात्र या पट्ट्यात मुळीच नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगाव-चाकण रस्त्याजवळ सुदुंबऱ्यालाच आहे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था दरीत, धबधब्यात, पाण्यात अडकलेल्यांना काढते. मावळात वन्यजीव रक्षक संस्थेचे कार्यकर्ते त्याच कामाला धावतात. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, चार जण गेले, तेव्हा हीच मंडळी पाण्यात उतरली. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही हीच. केंद्र सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत २०१६ पासून आधी ३० पूरप्रवण जिल्ह्यांत स्वयंसेवक घडवले गेले, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख घडवायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी, विमा असं तिचं स्वरूप.

या सगळ्यांबद्दल मनात फक्त आदर आहे. पण बघा, हे सगळे घटना घडल्यावर येतात. भुशीच्या ओढ्यात पाणी वाढायच्या दहा मिनिटं आधी वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस लागलाय हे खाली ओरडून सांगणारा माणूस त्या साखळीत नाही. बचाव करणाऱ्या हातांवर आपण पैसा, वेळ, कौतुक सगळं खर्च केलं. आधी बघणाऱ्या डोळ्यांना ते मिळालेलं नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. ३० जुलै २०१४ ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या. तो रोज त्या रस्त्याने जायचा म्हणून त्याला कळलं. रोज त्याच जागी असणारा माणूस हाच खरा निरीक्षक, हे त्याने दाखवून दिलं होतं.

चाकणमध्ये रोज त्याच जागी कोण असतं? कंपन्यांच्या गेटवरचे सुरक्षारक्षक, चोवीस तास, तीन पाळ्यांत. पेट्रोल पंपावरची पोरं. कंपनीच्या बस चालवणारे. गावचे पोलीस पाटील. चाकण बाजारात कांदा घेऊन येणारे शेतकरी, ज्यांना आभाळ वाचता येतं, कारण उघड्यावर पडलेला माल भिजला तर वर्षाची कमाई जाते. महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडलाला एक. या माणसांची जागा दर अर्ध्या किलोमीटरला एक.

त्यांना शिकवायचं काय, तर फार थोडं. कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला, कडा करकरीत असलेला ढग वाढतोय तोवर तो जिवंत आहे. माथा पसरून चपटा झाला, खाली काळा पट्टा आला, की पाऊस आणि वारा दारात आलेत. उकाडा असताना अचानक गार वाऱ्याचा झोत आला, धूळ उठली, मातीचा वास आला, तर तो ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा पुढचा काठ असतो. होर्डिंग पडतात, पत्रे उडतात ते याच मिनिटांत, पाऊस धड सुरू होण्याच्या आधी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावरून आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जातो. फूटभर पाणी छोटी मोटार ढकलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलतं. रस्त्यावर पाणी आणि विजेचा खांब एकत्र आले तर धोका दुप्पट. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघे जण विजेच्या धक्क्याने गेले, बुडून नव्हे.

मोजणीचीही एक गोम आहे. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पीकनुकसानीसाठी मंडलात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. शेतीला ही रीत ठीक आहे, ओढ्याला नाही. दिवसभरात निवांत पडलेले ७० मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तेच पाऊण तासात पडले तर गटाराची झाकणं उडतात. म्हणून गेटवरच्या केबिनशेजारी, झाडा-पत्र्यापासून लांब, खांबाला बांधलेलं एक सरळ कडांचं पारदर्शक मापक हवं आणि पाऊस चालू असताना दर पंधरा मिनिटांनी केबिनच्या खिडकीतूनच आकडा वाचता यायला हवा. रक्षकाने वहीत लिहायचं ते असं: ४ वाजून १० मिनिटं, खराबवाडी, १५ मिनिटांत २२ मिलिमीटर, हरभऱ्याएवढ्या गारा, वारा पश्चिमेकडून, गेटसमोर पाणी घोट्याला. या एका ओळीत अंदाजकाराला हवं ते सगळं आलं. 'भयंकर पाऊस चालू आहे, सगळ्यांनी काळजी घ्या' या संदेशात काहीच आलं नाही. स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं सांगायचं, जुना व्हिडिओ पुढे ढकलायचा नाही, आणि पाणी बघायला पुलावर जायचं नाही. शेवटची अट सगळ्यात कडक हवी. बघणारा माणूस वाहून गेला तर सगळंच संपलं.

इथे एक गोष्ट चाकणपुरतीच खरी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वळवाचा ढग बहुधा दुपारी तीन ते सात या वेळात फुटतो. पहिली पाळी सुटून दुसरी भरण्याची वेळही साधारण तीन-साडेतीनचीच. म्हणजे ज्या घटकेला आभाळ सगळ्यात वाईट असतं, त्याच घटकेला हजारो दुचाक्या पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर उतरलेल्या असतात. यावर उपाय स्वयंसेवकाच्या हातात नाही, कारखान्याच्या हातात आहे. ढग डोक्यावर असेल तर पाळी वीस मिनिटं उशिरा सोडायची, माणसांना कॅन्टीनमध्ये बसवायचं. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांनी आपत्कालीन आराखडा करावाच लागतो. त्यात आग असते, गळती असते. वादळाचं एक पान त्यात घालायला नवा कायदा लागत नाही. आणि सूचना मराठीबरोबर हिंदीतही हवी, कारण पत्र्याच्या खोल्यांत राहणारा कामगार बीड-नांदेडचा जितका आहे तितकाच बिहार-उत्तर प्रदेशचा.

फोन कुणाला करायचा हा गुंता मात्र खरोखर अवघड आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, पावसाळ्यात प्रत्येकात पूर नियंत्रण कक्ष असतो. मोशी ओलांडून चाकणकडे गेलं की नगरपरिषद, ग्रामपंचायती, एमआयडीसी, पीएमआरडीए, महामार्ग प्राधिकरण आणि राजगुरुनगरचं तहसील कार्यालय असे सहा मालक होतात. ओढा एकाच्या हद्दीत भरतो आणि दुसऱ्याच्या हद्दीत फुटतो. दोन्हीकडे पसरलेली एकच यंत्रणा आहे, १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेलं पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय. चाकण, महाळुंगे, आळंदी, देहू, तळेगाव सगळं त्याच्याकडे आहे, आणि रस्ता बंद करण्याचा अधिकारही. निरीक्षकांचा फोन तिथल्या नियंत्रण कक्षात जावा, तिथून वेधशाळेला आणि जिल्ह्याच्या १०७७ क्रमांकावर, असं मला वाटतं. यावर मतभेद होऊ शकतील. जिल्हा प्रशासनाचं काम पोलिसांकडे का, असं कुणी म्हणेल. पण चार वाजून दहा मिनिटांनी आलेल्या आकड्यावर चार वाजून पंधरा मिनिटांनी भुयारी मार्गाच्या तोंडाशी माणूस उभा करायचा तर तो पोलीसच असणार.

निरीक्षक नेमून बांधकामाची पापं धुतली जाणार नाहीत, हेही तितकंच खरं. मे २०२५ मध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, उभे राहिलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने पाडावे लागले. घरं घेणाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी गेली. तो इशारा द्यायची वेळ वीट रचण्याच्या आधीची होती.

राहता राहिलं वेळापत्रक. आपली सगळी यंत्रणा १ जूनला जागी होते. नालेसफाईची मुदत मे अखेर, नियंत्रण कक्ष जूनपासून, मान्सूनपूर्व बैठका मे महिन्यात. किवळ्याचं होर्डिंग एप्रिलच्या मध्यावर पडलं, मोशीचं मेच्या मध्यावर. २०२५ मध्ये तर खुद्द मान्सूनच २६ मे रोजी पुण्यात दाखल झाला, नालेसफाईची मुदत संपायच्या आत. निरीक्षकांचं प्रशिक्षण, मापकं बसवणं, गेटवरच्या वह्या, फोनची एकदा रंगीत तालीम हे सगळं गुढीपाडव्याच्या आत उरकायला हवं. दुसरी फेरी गणपती उठल्यावर, परतीच्या पावसासाठी.